अनुभवी माणसाची उमेदवारी
(वाघोली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कामाच्या ठिकाणी वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसाने धाकट्या सहकाऱ्याकडून काम शिकणे, हा आजचा विषय. आपल्याकडे शिकण्याचा क्रम ठरलेला आहे. वस्ताद मोठा, उमेदवार लहान. गवंड्याच्या हाताखाली, गॅरेजमध्ये, वकिलाच्या कचेरीत, तालमीत, सगळीकडे हाच क्रम. हत्यार पिढ्यान्‌पिढ्या तेच राहत होते तोवर हा क्रम योग्यच होता. ज्याने तीस वर्षे रंधा चालवला, त्याला लाकूड जास्त कळणार. पण हत्यारच नोकरीच्या मध्यावर बदलले तर? वीस वर्षे सेवा झालेली, पंधरा उरलेली, आणि टेबलावरची वहीच गेली, तर त्या कचेरीत वस्ताद कोण आणि उमेदवार कोण?

हा प्रश्न वाघोलीत विचारायला विशेष कारण आहे. नगर रस्त्यावरच्या या गावाने एकाच पिढीत दगडखाणी आणि क्रशर पाहिले, गोदामे पाहिली, अभियांत्रिकी महाविद्यालये पाहिली आणि खराडीच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्या तरुणांच्या सोसायट्याही पाहिल्या. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावे आली, त्यात वाघोली होती. ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेकडे गेले. नमुना नंबर ८ची कर आकारणी नोंदवही वर्षानुवर्षे हाताळलेल्या माणसांसमोर शहराची संगणकीय करपद्धत आली. ज्या माणसाला गावातले प्रत्येक घर कोणाचे, वाढीव खोली कधी चढली, वाटणी कुठे झाली हे तोंडपाठ, त्यानेच आता लॉगिन कसे करायचे हे विचारायचे. विचारायचे ते बहुधा आपल्या मुलाच्या वयाच्या कर्मचाऱ्याला.

असे प्रथमच घडते आहे का? नाही. बँकांमध्ये हे चाळीस वर्षांपूर्वी घडले. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि बँक व्यवस्थापने यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि खतावणीच्या जाड वह्या हळूहळू टेबलांवरून उतरल्या. ज्यांच्या सुंदर अक्षराबद्दल आणि बिनचूक बेरजेबद्दल शाखेत आदर होता, त्यांना नव्याने भरती झालेल्या मुलामुलींकडून की-बोर्ड शिकावा लागला. छापखान्यांतही तेच झाले. शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा मराठी कंपोझिटर शेकडो खणांच्या केसेसमधून न बघता जोडाक्षर उचलत असे. संगणकावरची अक्षरजुळणी आल्यावर ही हातची सफाई दोन-चार वर्षांत निरुपयोगी ठरली. पण ओळ कुठे तोडावी, शब्द कुठे फुटला तर वाचताना ठेच लागते, ही त्याची जाण निरुपयोगी ठरली नव्हती. ज्या छापखान्यांनी जुन्या कंपोझिटरला नव्या यंत्रावर बसवले, त्यांच्या छपाईत ती जाण उतरली. ज्यांनी घरी पाठवले, त्यांची पुस्तके पाहिली की फरक कळतो.

परदेशातल्या उद्योगांत धाकट्याकडून शिकण्याला मोठ्या पदांवरून मान्यता मिळाली ती १९९९ मध्ये. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितले की, प्रत्येकाने एक तरुण सहकारी गाठावा आणि त्याच्याकडून इंटरनेट शिकून घ्यावे. ते स्वतःही शिकले. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे उदाहरण नेहमी दिले जाते. मात्र तिथला शिकणारा सर्वोच्च पदावरचा होता, त्याची खुर्ची पक्की होती. तलाठी कचेरीत, कारखान्यात, प्राथमिक शाळेत शिकणाऱ्याची खुर्ची तितकी पक्की नसते. म्हणून आपल्या उपयोगाची उदाहरणे आपल्याच कचेऱ्यांत शोधली पाहिजेत.

त्यासाठी पहिला मुद्दा मांडला पाहिजे तो शिकणे आणि करून घेणे यांतल्या फरकाचा. या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन माणसे एका पडद्यासमोर बसलेली असतात, धाकटा बोटे चालवत असतो, मोठा पाहत असतो. पण अर्ध्या तासानंतर मोठ्याला ते काम एकट्याने करता आले नाही, तर ते शिकणे नव्हे. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत याचे धोकादायक रूप सर्वांना माहीत आहे. साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला पाठ, आणि डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल ऑपरेटरच्या खणात. सही अधिकाऱ्याची, जबाबदारी अधिकाऱ्याची, हात मात्र भलत्याचा. पुढे चौकशी लागली की अधिकारी म्हणतो, मला संगणकातले कळत नाही. हे वाक्य बचाव म्हणून टिकत नाही, टिकूही नये. जे शिकून घ्यायचे ते करून घेतले, की अनुभवी माणूस आपल्याच टेबलावर पाहुणा होतो, आणि धाकट्याच्या माथ्यावर नसलेल्या अधिकाराचा बोजा येतो.

मग खरे शिकणे कसे असते? त्यासाठी हवेली तालुक्यातच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलाठी सज्जात डोकावावे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर आला, फेरफार ऑनलाइन झाले, २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून संगणकातला सातबारा लोकांना वाचून दाखवण्यात आला, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप आले. ज्या तलाठ्याने अर्धी नोकरी दौत, टाक आणि नंतर बॉलपेनवर केली, त्याला दहा वर्षांत चार वेळा काम नव्याने शिकावे लागले. शिकवले कोणी? बहुतेक ठिकाणी शेजारच्या सज्जात नव्याने रुजू झालेल्या, विशी-पंचविशीतल्या तलाठ्यांनी.

आता त्या टेबलावरचा एकच प्रसंग बारकाईने पाहू. संगणक सांगतो की एका गटाच्या सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या नावांपुढच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ बसत नाही. हस्तलिखितात असे शेकडो उतारे निर्धास्त चालत होते, कारण कागद बेरीज तपासत नाही. संगणक तपासतो आणि ओडीसी नावाच्या त्रुटी-अहवालात ती चूक दाखवत राहतो. तरुण तलाठ्याला अहवाल कुठे उघडतो, दुरुस्ती कुठल्या पर्यायातून जाते, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश केव्हा लागतो, हे ठाऊक असते. पण मेळ का बसत नाही? हे त्याला पडद्यावरून कळत नाही. जुना तलाठी उतारा पाहून विचारतो, पोटखराबा धरला की नाही? जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत होते, ते हेक्टर-आरमध्ये आणताना कोणी चुकले का? हिस्से आणे-पैत लिहिले होते का? रस्त्यात जमीन गेली, तिचे कमी-जास्त पत्रक अमलात आले का?

आणि त्याहून नाजूक जागा पुढे असते. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे तीन अक्षरे असतात, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन चार भावांची, नाव एकाचे, कारण सरकारदरबारी एकाचे नाव लावायची पद्धत होती. संगणकात नोंद भरताना ही तीन अक्षरे गळली, की थोरला भाऊ एकटा मालक दिसू लागतो. धाकट्या तिघांच्या वारसांचा हक्क कागदावरून पुसला जातो. तसेच बहिणींचे. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलांची नावे कब्जेदार सदरी आणि मुलींची नावे इतर हक्कात लिहिण्याची चाल बऱ्याच गावांत होती. ती नावे कोणत्या रकान्यात भरायची हे संगणक सांगत नाही. पूर्वी ज्यांना कोरडवाहू म्हणून कोणी विचारत नव्हते, त्या नगर रस्त्यालगतच्या गावांत आज एकेका गुंठ्यासाठी खटले उभे राहतात. तिथे तीन अक्षरांची किंमत काय होते, हे वाघोलीकरांना सांगण्याची गरज नाही.

म्हणजे या टेबलावर शिकवणारा कोण आहे? पहिल्या दहा मिनिटांत धाकटा, पुढच्या दहा मिनिटांत मोठा. धाकट्याला साधन येते, मोठ्याला त्या साधनात काय भरायचे ते येते. मोठ्याला साधन शिकवले नाही, तर त्याचे ज्ञान निवृत्तीच्या दिवशी त्याच्याबरोबर घरी जाते. धाकट्याने मोठ्याला नुसते बाजूला सारून भराभर अहवाल निरंक केले, तर अहवाल निरंक होतात आणि कुटुंबे कोर्टात जातात. अनुभवी माणसाने धाकट्याकडून शिकण्याचे सर्वांत भक्कम कारण हे आहे. तो संगणकापुढे बसला, तरच त्याचे जुने शहाणपण नव्या नोंदीत शिरते. त्याच्या वतीने दुसरा बसला, तर शिरत नाही.

कारखान्यातही हेच दिसते. याच नगर रस्त्याने पुढे सणसवाडी, रांजणगावला गेले, किंवा पलीकडे चाकण-पिंपरीला, तर साध्या लेथवर हात बसलेले टर्नर आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून सीएनसीवर आलेली मुले एकाच शॉपमध्ये काम करतात. मुलाला प्रोग्रॅम येतो, ऑफसेट देता येतो. तो वयस्क टर्नरला सांगतो की काही कंट्रोलवर १०० लिहून पुढे टिंब दिले नाही, तर यंत्र त्याला १०० मिलिमीटर न समजता एक दशांश मिलिमीटर समजते. टिंबाची ही चूक नव्या माणसाचे टूल जॉबवर आदळवते. टर्नरला टिंबाची सवय नसते, कारण त्याच्या हाताखालच्या चाकाला टिंब नव्हते. त्याला ते शिकावेच लागते. उलट, कापताना आवाज बदलला, चिपचा रंग निळा पडू लागला, की पडद्यावर सर्व ठीक दिसत असतानाही टर्नर म्हणतो, थांबव, इन्सर्ट गेला. मुलाला हा कान यायला वर्षे लागतात. ज्या शॉपमध्ये सुपरवायझर दोघांना एका यंत्रावर एका पाळीत ठेवतो, तिथे दोघांचेही भले होते. पण उत्पादनाचा आकडा दोघांचा वेगवेगळा मोजला, की मुलगा सांगत नाही आणि टर्नर विचारत नाही. यात कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. मोजण्याची पद्धत तशी आहे.

श्रोतेहो, आता दुसरा मुद्दा. मोठी माणसे विचारत का नाहीत? याचे उत्तर सहसा अहंकार असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आणि पुष्कळदा अन्यायाचे आहे. पन्नाशीच्या माणसाची कामावरची पत ही त्याची कमाई असते. लोक त्याला विचारायला येतात, म्हणून त्याचा शब्द चालतो. त्यानेच सर्वांदेखत पंचवीस वर्षांच्या मुलीला ‘हे कुठे दाबायचे?’ असे विचारले, तर उद्या त्याचा शब्द चालेल का, ही भीती खरी असते. एकदा विचारले आणि मागून हसण्याचा आवाज आला, तर तो दुसऱ्यांदा विचारत नाही. वाघोलीपासून फार लांब नसलेल्या आळंदीच्या परंपरेत या प्रश्नाला थेट भिडणारी कथा आहे. चौदाशे वर्षे तप केलेल्या चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले. ज्ञानेश्वरांच्या भावंडांत मुक्ताबाई सर्वांत धाकट्या. ही कथा अहंकार गळण्याची म्हणून सांगितली जाते. पण तिची दुसरी बाजूही आहे. चांगदेवांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले आणि लोकांनी ती रचना चांगदेव पासष्टी म्हणून जपली. ती शिकणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, आणि त्या नावाला त्याने उणेपणा आला नाही. वारकरी समाजाने शिकणाऱ्याची पत राखली. कचेऱ्यांना आणि कारखान्यांना तेवढे जमवायचे आहे.

ते जमू शकते याचा पुरावा महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांनी दिला. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या काळात तंत्रस्नेही शिक्षक ही ओळख रुजली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड या तरुण शिक्षकामुळे डिजिटल शाळा म्हणून गाजली, आणि राज्यभरातले शिक्षक ती पाहायला जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांच्या क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांची दखल घेत २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यामागे केंद्राकेंद्रांत जे घडले ते अधिक मोलाचे. महिन्याच्या शिक्षण परिषदेत औपचारिक कार्यक्रम आटोपला, की एखादी तरुण शिक्षिका मोबाइलवर मराठी टंकलेखन, पाठाची चित्रफीत, सरल प्रणालीतली विद्यार्थ्यांची माहिती भरणे हे दाखवी, आणि तिच्याभोवती निवृत्तीला आलेले गुरुजी बसत. सरलमध्ये चूक झाली तर संचमान्यतेत, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्येत, शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, त्यामुळे शिकण्याला निकड होती. पण नुसत्या निकडीने इतके साधले नसते. शिकवणारीचे आणि शिकणाऱ्याचे पद एकच होते. दोघेही शिक्षक, दोघांच्याही वर्गात तीच मुले. भाषा मराठी. उदाहरणे आपल्याच पाठ्यपुस्तकातली. आणि जुन्या गुरुजींकडे देण्यासारखे काही होते. चौथीच्या मुलाला भागाकार कुठे अडतो, हे त्यांनी सांगितले म्हणून ती चित्रफीत कामाची झाली. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हे आधी झालेले शिकणे उपयोगी आले.

याच्या उलट अनुभव अंगणवाडीचा. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले. सेविकांची तक्रार दोन गोष्टींची होती, ॲप इंग्रजीत आणि सरकारी मोबाइल जुनाट, वारंवार अडकणारे. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. अनेक घरांत संध्याकाळी मुलगी किंवा सून सेविकेसाठी माहिती भरत बसे. सेविका शिकत नाहीत, असा ठपका त्या वेळी ठेवला गेला. तो चुकीचा होता. ज्या बाईने गावातल्या प्रत्येक बाळाचे वजन वर्षानुवर्षे नोंदवले, तिला नोंद ठेवणे शिकवायला नको होते. तिला तिच्या भाषेतले आणि चालणारे साधन हवे होते. धाकट्याकडून शिकण्याची सारी मदार शिकणाऱ्यावर टाकणारी व्यवस्था आपली चूक झाकत असते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसले.

राहिला शिकवणाऱ्याचा प्रश्न. त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ग्रामपंचायतींत २०११ मध्ये संग्राम प्रकल्प आला, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली. गावातलाच एखादा बारावी किंवा पदवी झालेला मुलगा वा मुलगी संगणक परिचालक म्हणून बसली. ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने संगणकावर चढवणे, दाखले देणे, हिशेब भरणे, आणि हे सारे ग्रामसेवकाला, लिपिकाला, कधी सरपंचाला समजावून देणे, हे या परिचालकाचे काम. महाराष्ट्राच्या गावगाड्याला संगणक शिकवला तो या मुलामुलींनी. त्यांना मिळाले तुटपुंजे मानधन, तेही अनेकदा थकलेले. कर्मचारी म्हणून मान्यता आणि नियमित वेतन या मागण्यांसाठी त्यांना मुंबईत आझाद मैदानावर आणि नागपूरला अधिवेशनावर मोर्चे काढावे लागले. ज्याच्याकडून सगळी कचेरी शिकते, त्याच्या कामाच्या यादीत शिकवणे हा शब्द नसतो. त्याचा वेळ फुकट गृहीत धरलेला असतो. शाळांमध्ये शिकवणारी आणि शिकणारे एकाच पायरीवर होते, इथे शिकवणारा सर्वांत खालच्या पायरीवर आहे. म्हणून इथे शिकण्याऐवजी करून घेणे फोफावले.

या अनुभवातून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेतच धरला पाहिजे. कचेरी सुटल्यावर थांबून शिका, असे म्हणणे म्हणजे न शिकण्याची सोय करणे. पहिले धडे चारचौघांत नकोत, दोघांतच हवेत. शिकणाऱ्याच्या हातात माउस आणि शिकवणाऱ्याचे हात मांडीवर, ही साधी शिस्त बाकीचे पुष्कळ काम करते. आणि शिकवणारा कंत्राटी असेल, तर त्या तासांचा मेहनताना आदेशातच लिहिला पाहिजे.

राज्य शासनाच्या बहुतांश सेवेत निवृत्तीचे वय ५८ आहे. तलाठी सज्जाचे उदाहरण पुढे न्यायचे तर निवृत्तीआधीचे वर्षभर जुन्या तलाठ्याने तरुण सहकाऱ्याबरोबर आठवड्यातला एक दिवस संगणकापुढे बसावे, पडद्यावर उतारा स्वतः उघडावा, आणि गावातल्या अडलेल्या गटांची एकेक नोंद कारणासह भरावी. ए.कु.मॅ. असलेले उतारे पहिल्यांदा घ्यावेत, मग इतर हक्कातल्या बहिणींचे, मग अमलात न आलेल्या कमी-जास्त पत्रकांचे. वादातल्या पक्षकारांपैकी म्हातारी माणसे अजून हयात असताना, आणि त्या नोंदी मुळात लिहिणारा किंवा लिहिताना पाहिलेला तलाठी सेवेत असतानाच हे होऊ शकते.